घरोघरचे आरोग्य-क्षेत्रकार्य : रायगड किनारा

रुग्णाच्या राहत्या घरी व वस्तीत जाऊन आजार, त्यावरील उपचार, शुश्रूषा करणाऱ्यांचे श्रम व त्यांची साधने यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करणे आणि त्यावरून उपचारपद्धतीत योग्य ते बदल घडविणे, यास घरोघरचे आरोग्य-क्षेत्रकार्य म्हणता येईल. रुग्णालयात खाट, दिवा, पाणी, उपकरणे व परिचारिका ही सर्व उपचाराच्या सोयीने मांडलेली असतात. घरात यांतील काहीच तसे नसते. म्हणून एखादे औषध गुणकारी आहे किंवा नाही या प्रश्नाबरोबरच ते त्या घरात, त्या हातांनी व त्या वेळेत देता येईल काय, हा दुसरा प्रश्न उद्‌भवतो. महाराष्ट्राच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात १९७० नंतरच्या दशकात मांडवा व महाड या दोन ठिकाणी या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा झाला. दोन्ही ठिकाणचे कार्यकर्ते, उद्दिष्टे व निष्पत्ती भिन्न असली, तरी त्यांचा अनुभव एकत्र पाहिल्यास या विषयाचे स्वरूप स्पष्ट होते.

शास्त्रीय पार्श्वभूमी : माणसाचे शरीर, त्याचे काम, कामाची साधने व कामाची जागा यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्रास अर्गॉनॉमिक्स असे नाव असून मराठीत त्यास श्रमानुकूलनाचे शास्त्र म्हणता येईल. कार्य व नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेली ही संज्ञा व्होइचेख यास्त्शेंबोव्स्की या पोलिश विद्वानाने १८५७ मध्ये वापरली. तथापि शास्त्र म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये १९४९ साली या विषयाच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. प्रारंभी विमाने, कारखाने व यंत्रे यांपुरते मर्यादित असलेले हे शास्त्र पुढे रुग्णालयांत आले आणि त्यानंतर रुग्णांच्या घराकडे वळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ‘हेल्थ केअर कम्स होम’ हा घरगुती आरोग्यसेवेतील मानवी घटकांवरील अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध केला. करणारी व्यक्ती, तिचे काम, हातातील साधन, जागा आणि त्यांमागील व्यवस्था अशी पाच अंगे हे शास्त्र लक्षात घेते. मांडवा व महाड येथील डॉक्टरांनी आपल्या कार्यास हे नाव दिले नव्हते. मात्र त्यांना भेडसावलेले प्रश्न याच पाच अंगांचे होते.

प्रदेश व परिस्थिती : मुंबई बंदराच्या पलीकडील उरणपासून दक्षिणेस बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगडचा किनारा पसरला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्यांनी तो तुटक झाला असून, पूल होण्यापूर्वी समोर दिसणाऱ्या गावी जाण्यासही होडी तरी हवी असे किंवा मोठा वळसा तरी घ्यावा लागे. कोळी, आगरी, कुणबी, कातकरी इ. समाजांची वस्ती कोळीवाडे, पाडे व वाड्या अशी विखुरलेली आहे. जुन्या घरांत पुढे ओटी वा पडवी, आत माजघर, त्यापलीकडे चूल, जमीन शेणाने सारवलेली आणि खिडक्या थोड्या, अशी रचना सर्रास आढळे. पावसाळ्यात चार महिने सरपण, गवत व गोवऱ्या घरातच किंवा घराला लागून रचून ठेवाव्या लागत.

आरोग्यसेवेची सरकारी चौकट भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून आकारास आली. १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली आणि १९६२ नंतर महाराष्ट्रात त्यांचा कारभार जिल्हा परिषदांकडे आला. केंद्रातील वैद्यकीय अधिकारी व उपकेंद्रातील परिचारिका यांच्याकडे अनेक गावे असत. परिचारिकेने सामानाची पेटी घेऊन, बहुधा पायी, वाडीवर जावे. काळोख्या माजघरात जमिनीवर उकिडवे बसून बाळंतीण तपासावी. सुई व पिचकारी घरच्या चुलीवर उकळून घ्यावी आणि नोंदवही मांडीवर ठेवून भरावी, असे या कामाचे स्वरूप होते. कोळीवाड्यात मासेमारीची वेळ भरती-ओहोटीवर, म्हणजेच तिथीवर ठरते. मासळी विकणाऱ्या स्त्रिया पहाटेच घर सोडतात आणि भातलावणीच्या दिवसांत कुणब्याचे घर दिवसभर बंद असते. कचेरीच्या वेळापत्रकानुसार आखलेली गृहभेट अशा ठिकाणी बंद दारापाशी संपते. रुग्णाची अनास्था म्हणून नोंदली जाणारी बाब पुष्कळदा वेळापत्रकाचा दोष असे.

मांडवा प्रकल्प : अलिबाग तालुक्यातील मांडवा हे मुंबईच्या गेटवेसमोरचे बंदर. लाँचने सु. तासाभराचे अंतर, पण पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे आणि देशातील सर्वांत सुसज्ज रुग्णालये असलेले शहर डोळ्यांसमोर असूनही अप्राप्य होई. (मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारगाड्याही वाहून नेणारी रो-रो नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली.) या भागात नोशीर अँटिया (१९२२–२००७) यांनी १९७३ मध्ये आरोग्यसेवेचा प्रयोग हाती घेतला. अँटिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जरी विभागाचे प्रमुख असून भाजलेले रुग्ण व कुष्ठरोगाने आलेली विरूपता यांवरील शस्त्रक्रियांसाठी त्यांची ख्याती होती. १९७५ मध्ये त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

शस्त्रक्रियेत निष्णात असलेला वैद्य खेड्यातील घराकडे का वळतो, हे कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून समजते. या रोगात तंत्रिकांना इजा होऊन हातपाय बधिर होतात. वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, पण गेलेली संवेदना परत आणता येत नाही. असा रुग्ण घरी परतल्यावर चुलीवरचे तापलेले भांडे उचलतो, काथ्याचा दोर ओढतो किंवा अनवाणी शेतात जातो. वेदना होत नसल्याने जखम लक्षात येत नाही आणि दुरुस्त केलेला हात पुन्हा झिजू लागतो. भांड्याला लाकडी मूठ, पकडीसाठी कापडाची घडी, पायांत मऊ रबराच्या तळाची पादत्राणे आणि रोज संध्याकाळी हातपाय निरखून पाहण्याची सवय यांवर शस्त्रक्रियेचे यश अवलंबून असते. शिवाय रोग लवकर ओळखून औषध सुरू केल्यास बहुतेक विरूपता टळते. त्वचेवरील बधिर चट्टा प्रथम दृष्टीस पडतो तो घरातील किंवा शेजारच्या माणसाच्या. शल्यविशारदाकडे रुग्ण येतो तो बहुधा वर्षांनंतर.

मांडव्याचा प्रयोग सु. ३० गावे व ३०,००० लोकसंख्या यांपुरता होता. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. वैद्यकीय ज्ञानाभोवतीचे गूढ वलय दूर करून ते सोप्या रीतीने दिल्यास बहुतेक नेहमीचे आजार लोकांना स्वतः हाताळता येतील, हे प्रयोगामागील गृहीत होते. किरकोळ आजारांवरील उपचार, गरोदर स्त्रिया व मुले यांची काळजी आणि क्षय व कुष्ठरोग यांचे रुग्ण शोधणे ही कामे या पद्धतीत महत्त्वाची होती.

श्रमानुकूलनाच्या दृष्टीने पाहता या योजनेचे मर्म कार्यकर्तीच्या निवडीत होते. गावातीलच स्त्रीला गृहभेटीसाठी प्रवास करावा लागत नाही. पाणवठ्यावर, बाजारात व लावणीच्या शेतात तिची इतरांशी गाठ पडतच असते. परक्या पुरुषास ओटीवरून परतावे लागते, तेथे ती माजघरापर्यंत जाते. कोणत्या घरी कोण केव्हा भेटेल, हे तिला विचारावे लागत नाही. क्षय व कुष्ठरोग यांसारख्या दीर्घकाळ औषध घ्यावे लागणाऱ्या आजारांत रोग्याने मधेच औषध सोडणे हा मोठा धोका असतो आणि तो टाळण्यास दूरच्या तज्ज्ञापेक्षा शेजारीण अधिक उपयोगी पडते. अर्थात सोय झाली ती रुग्णांची व यंत्रणेची. सेविकेच्या घरकामात व शेतकामात आणखी एका कामाची भर पडली, हेही दृष्टिआड करता येत नाही.

सु. दशकभर चाललेला हा प्रकल्प मांडव्यात पुढे टिकला नाही. त्याचा आढावा अँटिया यांनी १९८८ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हेल्थ सर्व्हिसेस’ या नियतकालिकात घेतला. आरोग्याचे तंत्र सामान्य स्त्रियांपर्यंत नेणे शक्य आहे हे सिद्ध झाले. परंतु लोकांचा सहभाग हा स्थानिक सत्तासंबंधांशी निगडित असतो आणि प्रस्थापित पुढाऱ्यांच्या विरोधापुढे असा प्रयोग दुबळा ठरतो, असा त्याचा आशय होता. वर निर्देशिलेल्या पाच अंगांपैकी व्यक्ती, काम, साधन व जागा यांचा मेळ मांडव्यात बसला. पाचवे अंग, म्हणजे व्यवस्था, मात्र प्रतिकूल राहिले. पुढे संस्थेने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे परिसरात हेच कार्य चालविले.

महाड व विंचूदंश : मांडव्यात प्रश्न दीर्घकाळच्या आजारांचा होता, महाड परिसरात तो काही तासांत होणाऱ्या मृत्यूचा होता. महाड हे जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बाणकोटच्या खाडीस मिळणाऱ्या सावित्री नदीच्या काठी, किनाऱ्यापासून आत वसलेले जुने व्यापारी गाव होय. तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावसकर हे १९७६ मध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. मूळच्या जालना जिल्ह्यातील व नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या तरुण डॉक्टरास तेथे तांबड्या विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुलांचे, मृत्यू होताना दिसले.

विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचते, याविषयीचा पी. एम. मुंडले यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ सालीच आला होता. तथापि परिणामकारक उपचार उपलब्ध नव्हता. वेदना व तडफड कमी करण्यासाठी गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण देत. त्याने रोगी शांत दिसे, परंतु मूळ विकृती तशीच राही. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. वांती, दरदरून घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, प्रथम चढलेला रक्तदाब, नंतर हृदयाची वाढती दुर्बलता व धाप असा क्रम त्यांतून स्पष्ट झाला. वांती, घाम व गार हात ही सर्व पूर्वचिन्हे डोळ्यांनी दिसणारी किंवा स्पर्शाने कळणारी आहेत. त्यांस उपकरण लागत नाही. त्यामुळे धोका केव्हा आहे हे घरातील माणसालाही ओळखता येऊ लागले. या निरीक्षणांवरील लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तांबड्या विंचवाच्या विषाने तंत्रिकांतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात व अनुकंपी तंत्रिका तंत्र (धोक्याच्या प्रसंगी शरीरास उद्युक्त करणारी तंत्रिकांची यंत्रणा) अतिरेकाने उद्दीपित होते. परिणामी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेरीस फुप्फुसांत द्रव साचतो. हा भार उतरविण्यासाठी रक्तवाहिन्या शिथिल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध उपयोगी पडते. परंतु ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते आणि तेवढा वेळ रक्तदाबावर अखंड लक्ष ठेवावे लागते. एक डॉक्टर, थोडे कर्मचारी व अनिश्चित वीजपुरवठा असलेल्या केंद्रात हे औषध वापरणे अवघड होते. प्राझोसीन हे औषध वेगळ्या मार्गाने रक्तवाहिन्यांचे आकुंचन थोपविते. ते तोंडाने घेण्याच्या गोळीच्या रूपात मिळते, स्वस्त आहे आणि त्यास बर्फपेटी लागत नाही. या औषधाच्या उपयोगावरील बावसकर व त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावसकर यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. बावसकरांच्या नोंदींनुसार गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सु. ३० टक्के वा त्याहून अधिक होते, ते या उपचाराने अगदी थोड्या टक्क्यांवर आले.

घर व उपचार यांच्या संबंधाचे लक्षणीय उदाहरण येथेच आढळते. प्राझोसिनाच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उभा राहिल्यास रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. रडणाऱ्या मुलाला उचलून खांद्यावर घेणे ही आईची स्वाभाविक कृती. नेमकी तीच अशा वेळी घातक ठरू शकते. म्हणून मुलाला आडवेच ठेवावे, उचलू नये, ही सूचना औषधाइतकीच महत्त्वाची असते. वाडीवरून रुग्णास पाठीवर किंवा झोळीतून आणण्याचा प्रघात असलेल्या प्रदेशात रुग्ण कसा न्यावा, हा उपचाराचाच एक भाग बनतो. सावंतवाडी असो वा सातारा, जेथे जेथे हा विंचू आढळतो तेथे ही बाब तितकीच लागू पडते.

दंशाचे प्रसंगही घरातील व शेतातील कामांशी जोडलेले असतात. सरपणाची मोळी सोडणे, गवताची पेंढी किंवा गोवरी उचलणे, दगडमातीच्या भिंतीच्या फटीजवळ हात घालणे, न झटकता पादत्राण घालणे, खुंटीवरचा कपडा अंगात चढविणे, अंथरुण पसरणे या नित्याच्या हालचालींत हात वा पाय विंचवावर पडतो. यांवरचे उपायही साधेच : अंथरूण व पादत्राणे झटकणे, भिंतींच्या फटी लिंपणे, सरपण झोपण्याच्या जागेपासून दूर रचणे, रात्री दिवा घेऊन हिंडणे. मात्र यांतील प्रत्येक उपायास जागा, पैसा किंवा वेळ लागतो. एका खोलीच्या घरात सरपण दूर कोठे रचावे, याचे उत्तर नुसत्या आरोग्यशिक्षणाने मिळत नाही.

मुंबईच्या हाफकिन संस्थेने तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार केल्यानंतर त्याची प्राझोसिनाशी तुलना महाड येथे ७० रुग्णांवर करण्यात आली. केवळ प्राझोसीन घेणाऱ्यांपेक्षा दोन्ही औषधे एकत्र मिळालेले रुग्ण लवकर बरे होतात, असा तिचा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झाला. तथापि प्रतिविष शिरेतून द्यावे लागते. प्रतिविष मिळेपर्यंतचा काळ निभावून नेण्यास गोळीच उपयोगी पडते. बावसकरांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

क्षेत्रकार्याची पद्धती : या दोन उदाहरणांवरून घरोघरच्या निरीक्षणाची काही तत्त्वे सांगता येतात. पहिले, रुग्णाइतकेच शुश्रूषा करणाऱ्याचेही निरीक्षण करावे. कारण घरातील उपचाराचे श्रम बहुतांशी आई, सून वा मुलगी यांच्यावर पडतात आणि त्यांची नोंद कोठेच होत नाही. दुसरे, जे सांगितले जाते व जे प्रत्यक्ष केले जाते त्यांतील तफावत पाहावी. औषध ‘दिवसातून तीन वेळा’ असे सांगितले, तरी घरात जेवणे दोनच होत असल्यास ते दोनदाच घेतले जाते. तिसरे, अंतर किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावे. पावसाळा, भरती, रात्र व वाहनाची उपलब्धता यांनुसार तेच अंतर बदलते. चौथे, निरीक्षकाच्या उपस्थितीनेच घरातील वागणूक बदलते, म्हणून एका भेटीवर विसंबू नये. पाचवे, घर ही खाजगी जागा आहे याचे भान ठेवून घरच्यांची संमती घ्यावी, मागील दारी वा माजघरात आमंत्रणाशिवाय जाऊ नये आणि क्षय वा कुष्ठरोगाच्या रुग्णाकडील वारंवार भेटींमुळे त्याचा रोग गावभर होणार नाही, याची दक्षता घ्यावी.

पुढील वाटचाल : मांडवा व बिरवाडी येथील कार्य सुरू असतानाच आरोग्यविषयक विचारात मोठे परिवर्तन घडत होते. भारत सरकारची ग्रामीण आरोग्य स्वयंसेवकांची योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आता येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरील अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच वर्षी १ जानेवारीस कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले.

साधने घरास व हातांस अनुरूप बनविण्याचा विचार महाराष्ट्रात सर्वाधिक पद्धतशीरपणे गडचिरोली येथे अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केला. निरक्षर सुइणींना अर्भकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून तिने वाळूचे घड्याळ व मणी यांचे श्वासमापक तयार केले. आकडे न वाचणाऱ्या परंतु मणी सरकवू शकणाऱ्या बोटांसाठी हे उपकरण होते. तेथील घरगुती नवजात-सेवेच्या प्रयोगात ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारणपणे दर हजार लोकवस्तीस एक ‘आशा’ कार्यकर्ती, असे प्रमाण ठरले. हे प्रमाण मांडव्याच्या ३० गावांतील सरासरीशी जुळते. २०११ पासून नवजात बालकांसाठी तिच्या गृहभेटीही निश्चित करण्यात आल्या : रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा व घरी झालेल्या प्रसूतीनंतर सात.

मूल्यमापन : मांडव्याने योग्य व्यक्ती कोणती, तर महाडने योग्य साधन कोणते, या प्रश्नांची उत्तरे दिली. महाडचे उत्तर वैद्यकाने स्वीकारले व ते टिकले. कारण गोळी बदलण्यास कोणाची सत्ता आड येत नाही. मांडव्याचे उत्तर मात्र गावातील अधिकाराच्या मांडणीस धक्का देणारे असल्याने त्या वेळी तेथे रुजू शकले नाही आणि जवळजवळ तीन दशकांनंतर शासकीय योजनेच्या रूपाने परतले. तेव्हाही सेविकेच्या श्रमाचा प्रश्न सुटलेला नाही. आशा कार्यकर्तीस स्वयंसेविका मानले जाते आणि तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. वाडीपर्यंतची चढण, खाडीचा वळसा व बंद दाराशी वाया गेलेली फेरी यांचा हिशेब त्यात धरला जात नाही. रुग्णाच्या घराचे निरीक्षण करणाऱ्या शास्त्रास या सेविकेच्या दिवसाचेही मोजमाप करावे लागेल. कारण औषध व घर यांतील अंतर अखेर तिच्याच पावलांनी तोडले जाते.